घाटात काटा लालकडे: फोर-बाय-फोर दर ऑक्टोबरला का तापते आणि काय क्रमाने तपासायचं

पाऊस उघडला की माझ्याकडे फोन सुरू होतात. "गाडी घाटात तापतेय. कूलंट बदललं, थर्मोस्टॅट बदलला, तरी तेच." पावसाळाभर चिखलात बिनतक्रार चाललेली गाडी ऑक्टोबरच्या उन्हात सिंहगड नाहीतर ताम्हिणी चढताना काटा वर न्यायला लागते. गॅरेजमध्ये काहीतरी बदलून मिळतं, पंधरा दिवस बरे जातात आणि पुढच्या चढाला पहिल्यासारखंच.

आमचं भातशेत मुळशीकडे आहे. कोथरूडहून तिकडे खत, बियाणं, माणसं, डिझेलचे कॅन, सगळं एका जुन्या डिझेल फोर-बाय-फोरमधून जातं. शेवटचे दोन किलोमीटर रस्ता असा नाहीच, बांधालगतचा चिखल. ही गाडी माझ्याच हाताखाली पाच वेळा तापली आहे, आणि भावकीतल्या व मित्रांच्या अशा बऱ्याच गाड्या मी पाहिल्या आहेत. मी मेकॅनिक नाही. पण या एका दुखण्याची ओळख आता पक्की झाली आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट, कारण यात माणसं भाजतात. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. फडकं धरूनही नाही, "जरासं सैल करून वाफ काढतो" असंही नाही. आत दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असतं. झाकण सुटलं की ते त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. निदान पाऊण तास थांबा. रेडिएटरचा वरचा होस पाईप (जाड रबरी नळी) जाड फडक्यातून दाबून बघा. तो मऊ लागला, हाताला कोमट लागला, तरच झाकणाला हात लावा.

लक्षणं: कधी तापते ते आधी पाहा

"गाडी तापते" एवढ्याने काहीच कळत नाही. कुठे, किती वेगात, कोणत्या गिअरमध्ये, एसी चालू होता का, हे सांगितलं तर निम्मं निदान तिथेच होतं.

– चढावर हळू चालताना काटा चढतो, सपाटीला लागल्यावर पाच-सात मिनिटांत खाली येतो: रेडिएटरच्या जाळीतून हवा कमी जातेय. ऑक्टोबरच्या तक्रारी बहुतेक याच असतात.
– स्वारगेटच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहिल्यावर चढतो, गाडी पळायला लागली की उतरतो: पंखा बघा.
– शहरात ठीक, पण हायवेला ऐंशी-नव्वदच्या वेगात अर्ध्या तासाने चढतो: हवा भरपूर आहे, पाणी फिरत नाही. जाळी आतून क्षारांनी भरलेली, खालचा होस आत ओढला जातोय किंवा वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) कमजोर.
– सकाळी चालू केल्यापासून पाच मिनिटांतच वर: कूलंट कमी, आत हवा अडकलेली किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारी झडप) बंद अवस्थेत अडकलेला.
– काटा वर आहे, पण हीटर लावला तर गार हवा येते: गरम पाणी हीटरपर्यंत पोचतच नाही. कूलंट फार कमी झालंय.
– काटा लालजवळ गेला आणि एकदम खाली पडला: हे सर्वात फसवं. लोक सुटकेचा श्वास सोडून पुढे निघतात. खरं म्हणजे सेन्सर ज्या पाण्यात बुडालेला असायला हवा ते पाणीच संपलेलं असतं आणि तो कोरडा पडलेला असतो. तिथेच इंजिन बंद करा.
– गार इंजिन चालू केल्याबरोबर कूलंटच्या बाटलीत बुडबुडे: खालचं काहीही करत बसू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा.

पैसे न लागणारं आधी

गाडीसमोर उभं राहा आणि हवा कुठून आत जाते ते बघा. जाड बुलबार, त्यावर चार दिवे, खाली विंच, मधोमध मोठी नंबरप्लेट. यातलं प्रत्येक जाळीसमोरची वाट अडवतं. एकेकटं चालून जातं, सगळं मिळून घाटात बाधतं. दसऱ्याचा झेंडूचा हार ग्रिलवर वाळत राहिलेला मी दोनदा पाहिला आहे. त्याच्या पाकळ्या आत ओढल्या जाऊन जाळीला चिकटतात. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी हार उतरवावा.

मग चाकं. अर्धा तास चालवून थांबल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा चांगलंच गरम असेल तर ब्रेक धरून बसलाय. ओढा ओलांडल्यावर ड्रममध्ये गाळ बसतो आणि असं होतं. इंजिन बिचारं ब्रेक ओढत चढत असतं. शेतातून डांबरीवर आल्यावर फोर-व्हील काढायला विसरलात का, तेही बघा. अर्धवेळ, म्हणजे गरजेपुरत्या लावायच्या फोर-व्हीलच्या गाडीत डांबरावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात.

चढावरची सवयही तपासा. डिझेल वाचेल म्हणून तिसऱ्यात रखडत चढू नका. वॉटर बॉडी इंजिनच्याच बळावर फिरते, बऱ्याच गाड्यांत पंखाही. फेरे कमी म्हणजे पाणी कमी, हवा कमी, आणि भार मात्र पूर्ण. दुसऱ्यात घ्या, इंजिन मोकळं फिरू द्या. काटा चढायला लागला की एसी बंद, हीटर पूर्ण जोरात, काचा खाली. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच; उकाडा सहन करा, इंजिन वाचतं.

मधल्या फटीतला चिखल

आता मुख्य गोष्ट. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण इथेच लोक चुकतात आणि मीही तीन वर्षं चुकलो.

एसी असलेल्या गाडीत समोरून जी जाळी दिसते ती रेडिएटरची नसते. ती एसीच्या कंडेन्सरची. रेडिएटर तिच्या मागे, दोन-तीन बोटांच्या फटीवर. आपण गाडी धुतो तेव्हा समोरून पाणी मारतो, कंडेन्सर लख्ख होतो आणि आपल्याला वाटतं रेडिएटर साफ झाला. खरं तर समोरून मारलेलं पाणी चिखल मागे ढकलून त्या फटीत नेऊन बसवतं.

पावसाळाभर तिथे मुळशीची लाल चिकणमाती साठते. तोवर गाडी तापत नाही. हवा गार असते, माती ओली असते, वरून पाणी येत राहतं. पाऊस थांबला की माती वाळते. त्याच दिवसांत डोंगरउतारावरच्या गवताला कुसळं धरतात. शेताच्या वाटेने गेलं की ती उडून आत जातात आणि मातीत रुतून बसतात. माती आणि कुसळं मिळून जे तयार होतं ते सारवलेल्या कुडासारखं असतं. त्यातून वारा जात नाही. आणि नेमकं तेव्हाच ऊन वाढतं, म्हणून गाडी ऑक्टोबरात तापते.

मी तीन वर्षं हे न कळता खर्च केला. एका वर्षी थर्मोस्टॅट आणि झाकण, दुसऱ्या वर्षी कूलंट आणि बेल्ट, तिसऱ्या वर्षी वॉटर बॉडी. प्रत्येक वेळी गॅरेजवाल्याने जाळी समोरून बघून "साफ आहे" म्हटलं. शेवटी नाना पेठेकडच्या एका रेडिएटरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी काहीही खोलण्याआधी टॉर्च घेतली, इंजिनाच्या बाजूने जाळीमागे धरली आणि मला समोर उभं केलं. "उजेड दिसतो का रे?" वरच्या चार बोटांत दिसत होता. खाली सगळा अंधार. "मग हवा कुठून जाणार?" एवढंच बोलून त्यांनी कंडेन्सरचे बोल्ट सैल करायला घेतले. फटीतून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्यांनी जी पोळी सोडवली ती तळहाताएवढी, एका बाजूला जाळीच्या रेघांचा ठसा उमटलेली आणि आतून कुसळांनी विणलेली होती. माझी तीन वर्षांची समस्या त्यांनी माझ्या हातात ठेवली.

तर तपासणी हीच: गार इंजिन, संध्याकाळची वेळ, टॉर्च. एकाने मागून धरायची, दुसऱ्याने समोरून बघायचं. जिथे उजेड येत नाही तिथे हवाही येत नाही. पंख्याचं आवरण आड येत असेल तर वरून त्या फटीत टॉर्च सोडून नुसतं डोकावा. चिखल डोळ्यांना दिसतो.

साफ करायची रीत उलटी आहे. पाणी इंजिनाच्या बाजूने समोरच्या दिशेला मारायचं, म्हणजे घाण जिथून आली तिथूनच बाहेर पडते. साधी बागेची नळी घ्या. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारलात तर जाळीच्या पातळ पत्र्या मुडपतात आणि मुडपलेली पत्री चिखलाइतकीच हवा अडवते. आधी सगळं भिजवा, वीस मिनिटं थांबा, पुन्हा भिजवा. वाळलेली माती सुकी खरवडायची नाही. पहिलं पाणी चहासारखं येतं, मग कुसळांचे पुंजके सुटतात. पाणी नितळ येईपर्यंत चालू ठेवा. मला एकदा दीड तास लागला होता. अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जोडांवर आधी प्लास्टिक बांधा. मुडपलेल्या पत्र्या जुन्या मऊ टूथब्रशने हलक्या हाताने सरळ होतात.

कंडेन्सर पुढे सरकवल्याशिवाय हात पोचत नसेल तर बोल्ट सैल करून तो थोडा झुकवता येतो, पण एसीचे पाईप खोलायचे नाहीत. आत दाबाखालचा गॅस असतो. पाईप ताणले जातायत असं वाटलं तर तिथेच थांबा आणि हे काम एसीवाल्याकडून करून घ्या.

मी आता पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, चिखल ओला असतानाच, हे मागून धुणं करतो. तेव्हापासून माझी गाडी ऑक्टोबरात तापलेली नाही.

कूलंट आणि झाकण

बाटलीतली पातळी गार इंजिनावर दोन खुणांच्या मध्ये हवी. पण बाटली भरलेली आहे म्हणजे रेडिएटर भरलेला आहे असं नाही, म्हणून पूर्ण गार झाल्यावर झाकण काढून आतही बघा.

बोअरचं पाणी घालू नका. त्यातले क्षार आत थर धरतात, हंडीच्या तळाला धरतात तसेच, आणि तो थर उष्णता अडवतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर साधारण निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं. रंग बघून दोन कूलंट एकत्र करू नका. हिरवं-लाल ही फक्त कंपन्यांची निवड असते, आतली रसायनं वेगळी असू शकतात. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार लिहिलाय तो घ्या. घाटात अडकलात आणि फक्त ओढ्याचं पाणी मिळालं तर इंजिन गार झाल्यावर ते घालून घरी या, त्यात गैर नाही. पण त्याच आठवड्यात सगळं काढून नवीन भरा. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

झाकण काहीशे रुपयांचं, म्हणून कोणी गंभीरपणे घेत नाही. पण त्याचं काम मोठं. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. सिंहगडाच्या माथ्यावर, १३०० मीटरच्या उंचीला, आणखी दोन-अडीच अंश आधी. झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते. ०.९ बारचं झाकण नीट असेल तर साधं पाणीही ११५ अंशांपुढे जाईपर्यंत उकळत नाही, आणि कूलंटमुळे ती मर्यादा आणखी वर जाते. स्प्रिंग ढिली किंवा रबर चिरलेलं असेल तर हे सगळं संरक्षण जातं. रबरावर नखाने दाबा. कडक झालं असेल तर बदला, आणि झाकणावर छापलेला आकडा होता तोच घ्या. इंजिन गार झाल्यावर वरचा होस चपटा पडलेला दिसला तरी झाकणच दोषी असतं. बाटलीतून कूलंट परत आत घेणारी त्याची छोटी झडप चिकटलेली असते.

पाईप, बेल्ट, पंखा

होस पाईप चिमटून बघा. फुगलेला, तेलकट, चिरलेला असेल तर बदला. खालच्या होसकडे खास लक्ष द्या: मदतनिसाला रेस द्यायला सांगा आणि लांबून बघा. होस आत ओढला जात असेल तर तो मऊ पडलाय आणि हायवेच्या वेगात स्वतःच पाणी अडवतोय. बेल्टवर दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने जोर दिल्यावर साधारण एक सेंटीमीटर दबावा. आपोआप ताण धरणारा बेल्ट असेल तर फक्त चिरा आणि चकाकी बघा.

पंखा दोन प्रकारचा. बेल्टवरच्या पंख्याच्या मध्यभागी चिकट तेलाचा क्लच असतो. इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून, पंखा हाताने फिरवा. थोडा अडखळत थांबला पाहिजे. भिंगरीसारखा फिरत राहिला, किंवा क्लचभोवती तेल झिरपून धूळ चिकटलेली दिसली, तर तो गेला. इलेक्ट्रिक पंखा असेल तर एसी लावल्यावर चालू होतो का बघा. नाही झाला तर आधी फ्यूज आणि रिले, मग मोटर. हा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून बॅटरीची तार काढल्याशिवाय बोटं तिकडे नेऊ नका.

खोल पाण्यातून गेला असाल तर पाती नीट बघा. पाण्यात फिरताना पाती पुढे वाकतात आणि रेडिएटरला घासतात. जाळीवर गोल ओरखडा दिसला तर ते हेच.

थर्मोस्टॅट आणि अडकलेली हवा

थर्मोस्टॅट काढता येत असेल तर त्याची परीक्षा घरीच होते. भांड्यात पाणी, त्यात दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर. अंगावर तापमान कोरलेलं असतं, बऱ्याच डिझेल इंजिनांत ८२ च्या आसपास. त्या सुमाराला उघडायला सुरुवात झाली आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला, तर तो चांगला आहे. ते भांडं पुन्हा स्वयंपाकात वापरायचं नाही.

"काढूनच टाकू, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो" हा सल्ला मला कितीतरी गॅरेजांत मिळाला आहे. ऐकू नका. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन कामाच्या तापमानाला येत नाही, डिझेल जास्त खातं, आणि काही इंजिनांत पाण्याची आडवाट उघडीच राहून बरंचसं पाणी रेडिएटरमध्ये न जाताच फिरत राहतं. मग गाडी उलट जास्त तापते.

कूलंट भरताना हवा अडकू नये म्हणून गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि हळूहळू ओता. इंजिनावर हवा काढायचा स्क्रू असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत उघडा ठेवा. दुसऱ्या दिवशी गार असताना पातळी पुन्हा बघा, जवळपास नेहमीच थोडी उतरलेली असते.

इथे थांबा

एवढं सगळं करूनही काटा चढत असेल तर पुढचं काम घरचं नाही. जाळी आतून तुंबली असेल तर तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर खोलून सळईने साफ करता येतो. ॲल्युमिनियमच्या, प्लास्टिक टाकीच्या रेडिएटरला ते चालत नाही, तो बदलावा लागतो. वॉटर बॉडीच्या बारीक भोकातून कूलंट ठिबकत असेल किंवा पुली हाताला हलत असेल तर तीही गॅरेजचं काम. बाहेर कुठेच गळती नाही पण कूलंट कमी होत राहतं, असं असेल तर नव्या डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर कूलंटने गार करणारा भाग) आतून फुटलेला असू शकतो. तेही मेकॅनिकनेच बघायचं.

आणि ही चिन्हं दिसली तर गाडी पुन्हा चालू सुद्धा करायची नाही: गार इंजिनावर बाटलीत सतत बुडबुडे, चालू केल्यावर दोन मिनिटांत वरचा होस दगडासारखा कडक, गोडसर वासाचा पांढरा धूर जो इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही, ऑइलच्या दांडीवर दुधाळ तेल किंवा वाढलेली पातळी. हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सीलची चकती) गेल्याची ही लक्षणं. फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडा फेस असेल आणि गाडी रोज चार किलोमीटरच चालत असेल तर तो नुसता दमटपणा असू शकतो. पण दांडीवर दुधाळ दिसलं तर शंका ठेवू नका. सिलिंडरमध्ये पाणी उतरलं असेल आणि तुम्ही स्टार्टर मारला, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गॅस्केटच्या खर्चाचं काम मग पूर्ण इंजिन खोलण्यावर जातं. काटा लालमध्ये असताना गाडीची ओढ गेली असेल, आतून ठोके आले असतील, तरीही हाच नियम. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेड तडकतं.

मेकॅनिककडे गेल्यावर कूलंटमध्ये जळक्या वायूची चाचणी करायला सांगा. निळं रसायन वायू मिसळला की हिरवं-पिवळं पडतं. ती चाचणी होण्याआधी कोणी हेड खोलायला निघालं तर थांबवा.

घाटात रेंज मिळेलच असं नाही, म्हणून टोइंगवाल्याचा नंबर कागदावर लिहून गाडीत ठेवा. फोन करताना गाडी फोर-बाय-फोर आहे हे आधी सांगा आणि पूर्ण गाडी वर चढवून नेणारा ट्रक मागा. दोन चाकं उचलून, दोन रस्त्यावर फिरवत नेली तर काही गाड्यांचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) खराब होतो.